साखरपुड्याचे फोटो हललेल्या भाऊंना, आमच्या जळगावच्या फोटोग्राफी वर्गाकडून

भाऊ, नमस्कार. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की चारपैकी दोन रविवार केळीची पानं आणि कापसाचा ढीग यांचे फोटो काढण्यात गेले, लेन्स-एडिटिंग काही शिकवलं नाही, आणि बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो हलले.

आधी आमची चूक. बॅच ८ जणांची सांगून १४ जण घेतले. तुमच्या कॅमेऱ्यापाशी मी नीट थांबलोच नाही. एडिटिंगही शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं. मनापासून माफी मागतो. आता नववं नाव घेणार नाही.

कापूस कशासाठी, हेही सांगायचं राहिलं. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून चालतो. फ्रेमभर पांढरा कापूस दिसला की तो फोटो मळकट करतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, +१ करायचं. काळ्या म्हशीला उलट, −१. नवरदेवाच्या पांढऱ्या कुर्त्याला कापसासारखंच +१ लागतं.

आता तुमचा फोटो. मी तो मोठा करून पाहिला. मागची खुर्ची स्पष्ट आहे, अंगठी घालणारा हात तेवढा हललाय. म्हणजे तुमचा हात स्थिर होता, शटर मंद पडलं. हॉलच्या उजेडात ऑटोने ते १/३० सेकंदाच्या आसपास नेलं असणार. डायल एस किंवा टीव्ही (Tv) वर आणा, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा; शटर १/१२५ ठेवा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ऑटो आणि मर्यादा ३२००. दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो अल्बममध्ये लागतो, हललेला लागत नाही.

आणखी एक. फोटो लांबून झूम करून काढलेला वाटतो. तुमच्या १८-५५ मिमी लेन्सला ५५ वर (पूर्ण झूम) एफ/५.६ च्या पुढे उघडता येत नाही, १८ वर (झूम न करता) एफ/३.५ मिळतं; एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं. म्हणजे अडीच पट उजेड, तोही फुकट. पुढे जाऊन उभे राहा. फक्त १८ वर कडेचे चेहरे ताणले जातात, म्हणून माणसं मधोमध घ्या. नवी लेन्स घ्या असं मी पहिल्या महिन्यात कुणालाच सांगत नाही. तुमचे पैसे अजून वाचू शकतात.

लग्नाआधी एका संध्याकाळी स्टुडिओत या. ट्यूबलाइटच्या उजेडात तासभर चालत्या-हलत्या माणसांवर सराव करू. फी घेणार नाही. बहिणीलाही सोबत आणा.