आमच्याकडे आली की गाडी ठणठणीत!

"साहेब, ट्रायल मारली. गाडी एकदम ओके आहे. स्कॅनरमध्ये पण काही नाही."

वर्कशॉपवाल्याच्या तोंडून हे ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. ट्रायल मारली कुठे? गेटातून बाहेर, सिग्नलपर्यंत, यू-टर्न आणि परत. दोन किलोमीटर सपाट रस्ता, गाडीत एकटा पोऱ्या, एसी बंद. आणि तक्रार काय सांगितली होती? चाळीसेक मिनिटं चालल्यावर, घाटाच्या चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये, माणसं आणि सामान भरलेलं असताना पिकअप जातो. कडेला घेऊन चावी बंद केली, पाच मिनिटं थांबलं की पुन्हा पळते. जॉबकार्डवर यातलं काय उतरलं? 'पिकअप लो, चेक.' झालं! अर्धं निदान तिथेच कचऱ्यात गेलं.

त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे गाडी आत घेतल्या घेतल्या बॅटरीचं टर्मिनल काढून 'रीसेट' मारणं, नाहीतर स्कॅनर लावून कोड न लिहिताच पुसून टाकणं. बिघाड झाला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याचा कोड साठवतो आणि कोडबरोबर त्या क्षणाची नोंद ठेवतो, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. आरपीएम किती, वेग किती, लोड किती, कूलंट किती तापलेलं, सगळं त्यात असतं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा तो एकमेव साक्षीदार, आणि यांनी त्यालाच आधी घालवला. वर म्हणायचं, "काही कोडच नाही." कसा असेल?

थार असो, बोलेरो असो, गुरखा असो, डिझेल फोर-बाय-फोरची पॉवर जाते ती तीन तऱ्हांनी, आणि तिन्हींची औषधं वेगळी. एक, चावी फिरवल्यासारखं इंजिन खटकन बंद पडतं आणि टॅकोमीटरचा काटा गाडी गिअरमध्ये गडगडत असतानाच शून्यावर येतो. हे बहुतेक वेळा वायरिंग, मेन रिले किंवा इंजिन किती फिरतंय ते सांगणारा, पण तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर. दोन, गाडी हळूहळू मरगळते, झटके मारते, पाय दाबाल तितकी जास्त गळाठते. डिझेल पोचत नाहीये. तीन, इंजिन गुळगुळीत चालतं, पण कोणीतरी वर झाकण ठेवल्यासारखं अडीच-तीन हजार आरपीएमच्या पुढे जातच नाही. हा लिंप मोड. ईसीयूला काहीतरी खटकलंय आणि त्याने स्वतः लगाम खेचलाय. चावी बंद-चालू केली की लगाम सुटतो, कारण मात्र तिथेच राहतं. तिन्हींतलं नेमकं काय झालं, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. कोणी विचारत नाही. सरळ डिझेल फिल्टर बदला, मग एअर फिल्टर, मग "डिझेल भेसळीचं भरलंय तुम्ही", मग इंजेक्टर क्लीनिंग, मग हाय-प्रेशर पंप, मग टर्बो. बिल फुगत जातं आणि गाडी पुन्हा त्याच वळणावर बसते.

स्कॅनर काय फक्त कोड वाचायला असतो? लाइव्ह डेटा रेकॉर्ड करा ना! आणि ऑनलाइन मिळणारं चारपाचशेचं डोंगल, म्हणजे मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर, लावून एकदम तीस आकडे लावू नका. ते इतकं मंद चालतं की बिघाड येऊन जातो आणि याचा आकडा अजून मागच्या वळणावर असतो. पाच-सहाच निवडा: आरपीएम, अॅक्सिलरेटर पेडलची टक्केवारी, रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) ईसीयूने मागितलेला, रेल प्रेशर मिळालेला, बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब), बॅटरी व्होल्टेज. 'मागितलेला' प्रेशर साध्या डोंगलवर बहुधा दिसत नाही, त्याला त्या मॉडेलचा डेटा वाचणारा स्कॅनर लागतो. वर्कशॉपकडे तो असतोच, फक्त तो घेऊन घाटात जायचा कंटाळा असतो.

सगळी गंमत मागितलेला आणि मिळालेला या दोन आकड्यांत आहे. आयडलला रेल प्रेशर साधारण २५० ते ३०० बार असतो, पूर्ण लोडला इंजिनाप्रमाणे १६०० किंवा त्याच्याही वर. चढाला पाय दाबलाय, ईसीयू १४०० मागतोय आणि मिळतायत ९००, तर डिझेलची वाट अडलीय किंवा प्रेशर कुठेतरी गळतोय. कोड येतो पी ००८७. पण मागितलेलाच आकडा खाली आला आणि मिळालेला त्याच्या मागोमाग इमानदारीत उतरला, तर पंप बिचारा निर्दोष आहे. ईसीयूनेच कमी मागितलं. मग त्याने का कमी मागितलं ते शोधायचं: बूस्ट, पेडल, तापमान. आधी कोण पडलं एवढंच बघायचं, कारण लिंप मोड लागल्यावर दोन्ही पडलेलेच दिसतात. हा आलेख न बघता हाय-प्रेशर पंप उतरवणाऱ्याला खरं तर पान्याला हात लावू देऊ नये.

मिळालेला प्रेशर आधी पडत असेल तरी पंप लगेच दोषी नसतो. टाकीकडून सुरुवात करा. फुकटात होतं ते आधी: गाडी दमली की टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा येऊ देणारी नळी, चोंदलाय. चिखलात लोळणाऱ्या गाड्यांच्या ब्रीदर पाइपाच्या तोंडाशी माती सुकून बूच बसतं. डिझेल संपतं तसतसा टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला ओढवत नाही. झाकण उघडूनही फरक नाही, तर टाकीतली जाळी.

या जाळीने जितक्यांना छळलंय तितकं कुणी छळलं नसेल. टाकीच्या तळाशी डिझेल ओढणाऱ्या पाइपाला जाळी असते. टाकीत एखादा पातळ प्लास्टिकचा तुकडा, नव्या कॅनच्या सीलची चकती, किंवा पाणी राहिल्यावर डिझेलमध्ये वाढणारा तो काळपट, शेंबडासारखा गाळ. गाडी हळू चालतेय तोवर हा कचरा तळाशी निपचित पडून असतो. चढाला पंपाने जोर लावला की सरकत येतो आणि जाळीला चिकटतो, निम्मं तोंड बंद. गाडी गळाठते. तुम्ही बंद करता, ओढ संपते, तुकडा अलगद सुटून खाली जातो. पाच मिनिटांनी गाडी नवीकोरी! वर्कशॉपमध्ये नेली की अर्थातच 'एकदम ओके'. फिल्टर बदला, पंप बदला, इंजेक्टर बदला, तो तुकडा टाकीत पोहतोच आहे. टाकी उतरवायला दीड-दोन तास जातात, हात घाण होतात, आणि बिलात त्याचे फारसे पैसे लावता येत नाहीत. म्हणून ती उतरत नाही.

टाकी उतरवायची नसेल तर निदान कॅन लावून तपासा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटखाली एक्झॉस्टपासून दूर पक्का बांधायचा, केबिनमध्ये नाही, आणि पंपाकडे जाणारा पाइप त्यात सोडायचा. फिल्टर वाटेत तसाच राहू दे. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच हवा, नाहीतर न जळलेलं सगळं डिझेल टाकीत परत जाईल आणि कॅन बघता बघता रिकामा. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीला ही युक्ती चालत नाही. तिथे फिल्टरच्या आधी गेज लावून चढावरचा लो-प्रेशर बघावा. कॅनवर तोच घाट गाडी हसतखेळत चढली तर दोष टाकी ते फिल्टर एवढ्या टप्प्यात. उरलं काय? जाळी, पाइप, जोड. फिल्टरच्या पुढे हातभर पारदर्शक पाइप टाकून बघा. बुडबुडे सलग येत असतील तर कुठेतरी हवा पकडतेय. ओढणाऱ्या बाजूचा जोड डिझेल गळवत नाही, हवा आत घेतो. म्हणून "कुठे लिकेज नाही साहेब" या वाक्याला तिथे काडीचा अर्थ नाही. पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टची जुनी तांब्याची वॉशर पुन्हा वापरली की हे ठरलेलं. एक गोष्ट मात्र जिवावरची: इंजिन चालू असताना हाय-प्रेशरचा पाइप ढिला करू नका, गळती बोटाने चाचपू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. सुईएवढी खूण दिसली तरी सर्जनकडे धावायचं, मलम लावत बसायचं नाही.

आता दुसरी बाजू. मागितलेला आकडाच पडतोय, कोड पी ०२९९, म्हणजे बूस्ट कमी. इथे तर विनोदच चालतो. न्यूट्रलमध्ये रेस देऊन "टर्बो मस्त चाललाय" म्हणणारे उस्ताद! अरे, लोड नसताना डिझेल इंजिन बूस्ट बनवणार कशाला? चढावर, गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून बघायचं. त्याआधी इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा वाचा. तो बाहेरच्या हवेइतकाच हवा: कोकण किनाऱ्यावर १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. तिथेच गडबड असेल तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर, टर्बोला हात लावू नका. पूर्ण लोडला २००च्या वर जायला हवं. दीडशेतच अडखळत असेल तर गळती शोधा. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी हॉज खालच्या बाजूने, क्लॅम्पच्या काठाशी चिरतो. थंड असताना चीर मिटलेली, बूस्ट आला की तोंड उघडते. वरून बघून कधीच दिसत नाही. हात घालून चाचपा, बोटाला तेलाचा ओला पट्टा लागला की सापडली. न सापडली तर पाइपाची तोंडं बंद करून अर्धा बार हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा.

टर्बोची पाती व्हॅक्यूमवर हलत असतील तर तीन-चार मिलिमीटरची ती काळी नळी बघा. उंदीर तिच्यावर जीव टाकतात, आणि उंदरांनी सोडली तर उष्णता आहेच. सरळ असताना अखंड दिसते, वाकवली की बारीक भेग उघडते. हातपंपाने पाती हलवणाऱ्या अॅक्चुएटरला व्हॅक्यूम द्या. दांडा पूर्ण ओढला जायला हवा आणि मिनिटभर तिथेच राहायला हवा. काही रुपयांची नळी, आणि तिच्यापायी पन्नास हजारांचा टर्बो उतरवलेली बिलं फिरतायत!

वायरिंगचं तर विचारूच नका. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, बहुतेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट. नातं बिघडलं की ईसीयू पाय दाबल्याचं मानतच नाही. ब्रेक स्विच अडकला, किंवा खाचखळग्यांत हलून ब्रेक दाबल्याचा खोटा सिग्नल गेला, तर ईसीयू अॅक्सिलरेटर सोडून ब्रेकचं ऐकतो आणि पॉवर कापतो. रात्री मागून कुणाला तरी ब्रेक लाइट बघायला सांगा, इतकी सोपी तपासणी. इंजिनचा अर्थ स्ट्रॅप (इंजिन बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी) स्टार्टर मारताना मल्टीमीटरने मोजा, ०.२ व्होल्टच्या वर ड्रॉप म्हणजे गंज किंवा ढिला बोल्ट. ओढे-नाले ओलांडणाऱ्या गाडीचे कनेक्टर उघडून हिरवी पिन शोधा. आणि इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ब्रॅकेटजवळ हलवून बघा. घासलेली वायर तिथेच सापडते.

फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या मंद गिअरमध्ये, रांगताना रेडिएटर आणि इंटरकूलरच्या फटींत चिखल बसलेला असतो, कूलंट शंभर अंशांच्या बरंच पुढे गेलं की ईसीयू डिझेल कमी करतो. बाहेरून धुतलेली गाडी चकाचक दिसते, फटी मात्र लिंपलेल्याच. बीएस-६ मध्ये त्यात डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, भर. शहरात दोन-दोन किलोमीटर फिरवून काजळी साठवायची आणि मग थेट घाटात लोड टाकायचा. डीपीएफचा दिवा लागला असेल तर महामार्गावर सलग अर्धा तास पळवा, वाळक्या गवतात मात्र उभी करू नका, काजळी जाळताना डीपीएफ ६०० अंशांपर्यंत तापतो.

एवढं सगळं झाल्यावरच इंजेक्टर. तेही अंदाजाने नाही: इंजेक्टरांकडून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या चारही रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन आयडलला तीन मिनिटं, मग ओळीने ठेवून बघा. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तोच एक चोर. चारही का बदलताय? आणि बदललेच असतील तर जुने चारही परत मागा, फोटो नको, वस्तू. "ते स्क्रॅपमध्ये गेले साहेब" म्हणाले, तर कुठल्या नंबरच्या बाटलीत किती मिलिलिटर आलं होतं ते बिलावर लिहून मागा आणि मगच पैसे काढा.