मुख्याध्यापकांच्या हातात लाखो रुपये? एकदा हिशेब मांडू या

सध्या गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या गटांतून आला, एकदा तर माझ्याच जुन्या विद्यार्थ्याकडून. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सरकार प्रत्येक शाळेला वर्षाला लाखो रुपये देतं, निवडक शाळा आदर्श करण्याच्या केंद्राच्या ‘पीएम श्री’ योजनेतून तर शाळेमागे दोन कोटी. मुख्याध्यापकांना काम नको असतं, म्हणून ते पैसे ३१ मार्चला परत जातात. शिक्षण खातं त्यांना नेतृत्वाचं प्रशिक्षण देतं तेही वाया जातं, कारण मुळात इच्छाच नाही.

सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी निवृत्त होईपर्यंत मुख्याध्यापिकेचा ताबा सांभाळला. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ‘लाखो’ बघू. सरकारी शाळेचा रोजचा खर्च ज्यातून भागवायचा ते ‘समग्र शिक्षा’ या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. रक्कम ठरते पटावरून. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि हजाराच्या वर पट असेल तरच एक लाख. आता सत्तरी, सांगे, केपे, काणकोणातली वाड्यावरची प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. हजार मुलं सोडाच, शंभर तरी दिसतात का?

माझ्या शाळेचा पट २६. म्हणजे १०,०००. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा, तसा नियमच आहे आणि तो योग्यही आहे. उरले ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. खडू, हजेरीपट, झाडू, बिघडलेला नळ, गेलेली ट्यूब, सगळं त्यातच. पावसाच्या तोंडावर कौलं परतायला माणूस बोलावला तर त्याची एका दिवसाची मजुरीसुद्धा या ७५० मध्ये बसत नाही. आमच्याकडे दोन पालक स्वतः छपरावर चढायचे आणि मी खाली शिडी धरून उभी राहायचे. वाचनालय आणि खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत वेगळे मिळतात, पण त्या पैशातून गळकं छप्पर दुरुस्त करता येत नाही. भिंतीला तडा गेला, वासा कुजला, तर ते काम सार्वजनिक बांधकाम खात्याचं किंवा सरकारच्या साधनसुविधा महामंडळाचं. मुख्याध्यापिकेने पत्र लिहायचं, तालुक्याचं काम बघणाऱ्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचं, आणि वाट बघायची.

अनुदानित हायस्कुलांचा आकडा मोठा दिसतो हे खरं. गोव्यातली बहुतेक हायस्कुलं अशीच, संस्थांनी चालवलेली. पण त्या आकड्यातला सगळ्यात मोठा वाटा पगारांचा असतो आणि पगार ही काही मुख्याध्यापकांनी ठरवून खर्च करायची रक्कम नव्हे. वर सांगितलेलं संयुक्त अनुदान तर या शाळांना लागूच नाही, ते सरकारी शाळांसाठी आहे.

दोन कोटींचं मूळ बहुधा एका भागाकारात आहे. ‘पीएम श्री’ला सप्टेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा देशभरातल्या १४,५०० शाळांसाठी पाच वर्षांचा खर्च २७,३६० कोटी रुपये धरला होता. भागलं तर शाळेमागे साधारण १ कोटी ८९ लाख येतात. पण ती पाच वर्षांची सरासरी आहे, निवडलेल्या शाळांपुरती, आणि निवड एका विकासगटात (ब्लॉकमध्ये) जास्तीत जास्त दोन शाळांची. अनुदानित शाळा त्यात बसतच नाहीत. हा आकडा गावोगावच्या शाळांच्या माथी मारणं चुकीचं आहे.

आता परत जाणाऱ्या पैशांबद्दल. न वापरलेला निधी शाळेच्या हातून जातो हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच तो का जातो ते नीट समजून घ्यायला हवं. जुलै २०२१ पासून केंद्राच्या प्रत्येक योजनेचे पैसे राज्यातल्या एकाच मुख्य बँक खात्यात ठेवले जाऊ लागले. शाळेला रक्कम येत नाही, त्या खात्यातून किती खर्च करता येईल याची मर्यादा येते. पटाची नोंद यूडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, आधीच भरलेली असते, दिल्लीत वार्षिक आराखडा मंजूर होतो, केंद्राचा हप्ता सुटतो, राज्याचा वाटा त्यात पडतो, मग शाळेची मर्यादा उघडते. शाळा जूनमध्ये उघडायची त्या काळात एका वर्षी ही मर्यादा माझ्यापर्यंत पोचली फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे जूनचे खडू मी पदरच्या पैशाने आणले होते आणि ३१ मार्चला पाच आठवडे उरले होते. तेवढ्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, ठराव, दरपत्रकं, खरेदी, बिलं, उपयोगिता प्रमाणपत्र, आणि त्याच दिवसांत वार्षिक परीक्षा. त्या वर्षी माझ्याही शाळेचे काही पैसे गेले. अजून सलतं ते. पण त्याचं कारण अनिच्छा म्हणाल तर मी ते मान्य करणार नाही.

राहिला प्रश्न नेतृत्वाचा, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत वेगळा मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेला तरच. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे ज्यांना हा संदेश मुख्याध्यापक म्हणतो, त्यातले कित्येक जण दोन-दोन वर्ग एकत्र घेऊन शिकवणारे शिक्षक असतात. माध्यान्ह आहार आला की मोजून घेणं, यूडायस भरणं, खात्याची माहिती ‘आजच्या आज’ पाठवणं, हे सगळं शिकवता शिकवता. नवीन शैक्षणिक धोरण म्हणतं की मुख्याध्यापकांनीही वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण घ्यावं, त्यात नेतृत्व आणि व्यवस्थापन यावं. मला हे मनापासून पटतं. पण दोन शिक्षकांच्या शाळेतली एक बाई पर्वरीला खात्याच्या प्रशिक्षणाला गेली की अर्धी शाळा मागे उघडी पडते. एकशिक्षकी शाळेचं तर विचारूच नका.

संदेशातलं एक मला मान्य आहे. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हे शिक्षक-मुख्याध्यापकांचं केंद्राचं प्रशिक्षण सुरू झालं आणि महामारीत ते ऑनलाइन गेलं, तेव्हा मोबाईलवर पान पुढे सरकवून प्रमाणपत्र मिळवणारे सहकारी मी पाहिले आहेत. समितीची बैठक न घेताच वहीत सह्या घेणारेही आहेत. त्यांना जाब विचाराच.

तो विचारायची सोय कायद्यातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. संदेश पुढे पाठवण्याआधी आपल्या मुलाच्या सरकारी शाळेत जा, समितीची इतिवृत्ताची वही मागा आणि तीन गोष्टी बघा: यंदा मर्यादा किती आली, कोणत्या तारखेला आली, ठराव कधी झाला. तारीख फेब्रुवारीची असेल तर तुमच्या सहीचं पत्र भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. मुख्याध्यापिकेच्या पत्राआधी पालकांचं पत्र उघडलं जातं, हे मी दोनदा पाहिलं आहे.