हमिंगबर्ड कुणाच्या पाठीवर बसून जात नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपवर आला. दोन इथल्या, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचे, एक माहेरचा आणि एक शाळेच्या मैत्रिणींचा. थोडक्यात असा: 'हमिंगबर्ड इतका नाजूक की त्याला समुद्र ओलांडवत नाही, म्हणून तो कॅनडा गूजच्या (मोठ्या रानहंसाच्या) पिसांत शिरून दक्षिणेला जातो. त्याला पाय नसतात. तो फक्त मधावर जगतो. सप्टेंबर लागला की फीडर (साखरपाण्याचं टांगतं भांडं) उतरवा, नाहीतर तो खाण्याच्या लोभाने इथेच राहतो आणि थंडीत मरतो.' सोबत एक व्हिडिओ, 'आपल्या कोकणातही हमिंगबर्ड!' असं लिहिलेला. वाचायला गोड आहे, म्हणून फिरतोय. पण यातलं जवळपास काहीच खरं नाही, आणि एका वाक्याने तर पक्ष्यांचं नुकसान होतं.

आधी गूजचं बघू. आमच्याकडे येतो तो रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. वजन जेमतेम 3 ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या नव्या नाण्याएवढं. हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतो. कॅनडातून खाली येणाऱ्या गूजचे थवे दिसू लागतात ते मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्यातले बरेच याच किनाऱ्यावर, डेलावेअर आणि चेसापीकच्या खाडीपाशी हिवाळा काढतात. आमच्या तळ्याकाठी वर्षभर चरणारे गूज तर कुठेच जात नाहीत. हमिंगबर्डला पोचायचं असतं दक्षिण मेक्सिकोत, कोस्टा रिकात, पनामापर्यंत. तिथे गूज जातच नाहीत. ना वेळ जुळते, ना वाट.

मग तो जातो कसा? खाऊन खाऊन तो अंगावर चरबी चढवतो. 3 ग्रॅमचा पक्षी 5-6 ग्रॅमचा होतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ती चरबीच त्याचं इंधन. पुष्कळ पक्षी टेक्सासच्या किनाऱ्याने जमिनीवरून वळसा घालून जातात, पण काही जण थेट मेक्सिकोचं आखात ओलांडतात: सुमारे 800 किलोमीटर, एका दमात, वीस तासांच्या आसपास, सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलवत. खाली टेकायला जागा नाही. मला यात सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट वेगळीच वाटते. प्रौढ नर आधी निघून जातात, मग माद्या, आणि शेवटी त्याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं. वाट दाखवायला आई नाही, बाप नाही, थवाही नाही. प्रत्येक जण एकटा. कधी न पाहिलेल्या देशाला, पहिल्याच खेपेला, एकटा. 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात ओळखीसाठी पायात कडी घातलेली एक मादी पुन्हा हाती लागली, तेव्हा ती किमान 9 वर्षांची होती. किती फेऱ्या झाल्या असतील तिच्या, हिशेब करा. हे सगळं त्या पक्ष्याचं स्वतःचं आहे. ते काढून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवणं मला पटत नाही.

ज्या पायात ती कडी घालतात, तो पाय मजकुराप्रमाणे नसतोच! माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर फीडर टांगलाय. परवा सकाळी धुकं होतं. एक मादी येऊन त्याच्या कडेच्या तारेवर बसली. पिसं फुगवलेली, पोटाखाली काळ्या धाग्यासारखी इवली बोटं तारेला घट्ट. चोच न बुडवता ती बराच वेळ नुसतीच बसून होती. पाय आहेत, चांगली पकड असते. चालता मात्र येत नाही. फार तर बसल्या जागी तारेवर जरा बाजूला सरकते.

'फक्त मध' हेही चुकीचं. मकरंद हे ताकदीचं खाणं, पण प्रथिनं लागतात ती चिलटं, बारीक किडे आणि कोळी यांच्यातून मिळतात. पिल्लांच्या चोचीत तर किडे भरपूर जातात. कोळ्याचं जाळं घरट्यालाही लागतं. त्यानेच ते बांधलेलं असतं, म्हणून पिल्लं वाढतात तसं ताणलं जातं.

कोकणातल्या व्हिडिओत दिसतो तो शिंजीर, म्हणजे सनबर्ड. आज रानात हमिंगबर्ड सापडतो तो फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि तिथल्या बेटांवर. जर्मनीत तीन कोटी वर्षांपूर्वीचे त्याच्या कुळातले जीवाश्म मिळालेत, पण ती फार जुनी गोष्ट. जास्वंदीवर येणारा चकचकीत जांभळा पक्षी बघा: चोच खाली वळलेली, आणि तो बहुतेक वेळा फांदीला धरून, लटकून रस पितो. क्षणभर हवेत थांबतो, तेवढ्यात मोबाइलमध्ये टिपला जातो. संध्याकाळी फुलापुढे तरंगणारं, डोक्यावर मिशा असलेलं काही दिसलं तर तो पतंग, म्हणजे कीटक, पक्षी नव्हेच. शिंजिराला शिंजीरच म्हणूया, इतकं सुंदर नाव आहे.

आता ते घातक वाक्य. फीडरमुळे कुठलाही निरोगी हमिंगबर्ड मागे राहत नाही. दिवस लहान होऊ लागला की शरीरातच बदल होतो, भूक वाढते, आणि वेळ झाली की भरला फीडर सोडून तो जातो. सप्टेंबरच्या शेवटी आपल्या अंगणात येतो तो बहुधा आपला उन्हाळ्यातला पाहुणाही नसतो. क्यूबेकहून, ओंटारिओहून थकून आलेला असतो. फुलं संपत आलेली असतात आणि नेमका तेव्हाच आपण फीडर उतरवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कधीकधी पश्चिमेकडचा रुफस हमिंगबर्डही इकडे येऊन पोचतो. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तर फीडर उतरवूच नये, तिथला अ‍ॅनाज हमिंगबर्ड बारमाही आहे.

ज्यांनी काढून ठेवलाय त्यांनी आजच धुऊन परत टांगा. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, एवढंच. गूळ नको, त्यातलं लोह त्यांना बाधतं. मध नको, त्यात बुरशी धरते. लाल रंगही नको, फीडरचा लाल भाग पुरतो. ऊन असेल तर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, गारठ्यात चार-पाच दिवसांनी. शेवटचा पक्षी दिसल्यावर आणखी दोन आठवडे राहू द्या.