प्रिचर्डचं नाव का नाही?

इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीवरच्या आयर्न ब्रिजचं, म्हणजे बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कमानी पुलाचं, सगळं श्रेय तुमच्या लेखात लोखंड कारखानदार तिसऱ्या अब्राहम डार्बीला दिलंय, ते पटलं नाही. मूळ आराखडा वास्तुविशारद थॉमस प्रिचर्डचा. १७७९ मध्ये कमान उभी राहिली, पण ती पाहायला तो नव्हता. १७७७ मध्येच गेला. डार्बीने लोखंड ओतलं, खर्च हाताबाहेर जाऊन तो कर्जात बुडाला, त्याचं मोठेपण आहेच.

आमच्या घरी सुतारकाम चालायचं, म्हणून पुलाखाली उभं राहून मी सांधेच बघत बसलो. खाचेत टोक बसवलेलं, वर पाचर ठोकलेली, सगळी लाकडाची रीत बिडाच्या तुकड्यांना! प्रिचर्डही मुळात सुतारकाम शिकलेला. १७९५ च्या महापुरात या नदीवरच्या कितीतरी पुलांची नासधूस झाली, हा मात्र टिकला. लेखात प्रिचर्डचं नाव घाला.