अवघड जागेचा जमाखर्च

गुडघा दुखला की आम्ही पुरुष चारचौघांत पाय लांब करून दाखवतो. कंबर धरली तर ऑफिसभर वाकून फिरतो. पण दुखणं बेंबीच्या खाली आणि मांडीच्या वर उतरलं की आमची वाचाच बसते. डॉक्टरांसमोरसुद्धा 'जरा इथे, खाली' एवढंच म्हणतो आणि हात हवेत असा काही फिरवतो, की त्यात मूतखड्यापासून सायटिकापर्यंत काहीही बसावं. ओटीपोटात, वृषणात, शिश्नाच्या टोकाशी, की वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत? लघवी करताना, वीर्यस्खलनानंतर, की बराच वेळ बसल्यावर? एवढं सरळ सांगितलं तरी डॉक्टरांचं अर्धं काम होतं. पण आम्ही 'गॅस असेल' म्हणून घरी परततो.

संशय मात्र आमचा ठरलेला असतो: प्रोस्टेट. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढा घालून बसलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची असते. वयाबरोबर ती वाढते, नळी आवळते. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच थांबते. हे सगळं खरं. पण नुसती वाढलेली प्रोस्टेट सहसा दुखत नाही. शिवाय आकार आणि त्रास यांचा मेळ बसेलच असं नाही. एखाद्याची भलीमोठी ग्रंथी निमूट असते, एखाद्याची लहानशी उच्छाद मांडते. तरीही सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचा ग्रॅमचा आकडा आम्ही मुलाच्या मार्कांसारखा एकमेकांना सांगतो.

दुखणं तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलं आणि लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले नाहीत, तर बहुतेक वेळा ते प्रोस्टेटायटिसच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या दाहाच्या, चार प्रकारांपैकी तिसऱ्या प्रकारात जातं. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच आणि त्यात जंतूंचा पत्ता नसतो. असं असून अँटिबायोटिकचा तिसरा, चौथा कोर्स मागून घेणारे महाभाग आहेत. पुष्कळदा खरा गुन्हेगार म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, कायम आवळलेले. अशा माणसाला कोणीतरी कीगलचा व्यायाम सुचवतं, म्हणजे तेच स्नायू आणखी आवळा! दुखणं वाढतं, तेव्हा गडी म्हणतो, 'व्यायाम कमी पडला.' इथे हवं असतं उलटं: उताणं पडायचं, गुडघे वाकवायचे, पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्यायचा आणि श्वास आत येताना खालचा भाग सैल सोडायचा. कोमट पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटं बसल्यानेही बरं वाटतं. या स्नायूंचा अभ्यास असलेला फिजिओथेरपिस्ट मिळाला तर फारच उत्तम. जन्मभर पोट आत ओढून फोटो काढलेल्या माणसाला सैल सोडणं जड जाणारच.

लघवीचाच त्रास असेल, तर माझं मत विचाराल तर पहिली तपासणी यंत्रावर नव्हे, वहीत. तीन दिवस, मोजमापाचा मग घेऊन: किती वाजता, किती मिली प्यालो, किती मिली बाहेर, घाई होती का. इथेही आम्ही लबाडी करतो. संध्याकाळी बसून दिवसभराचं आठवून लिहितो आणि सगळे आकडे दोनशे-तीनशेचे गोल येतात. प्रामाणिक वही मात्र बोलकी असते. दर वेळी ऐंशी-शंभर मिलीच येत असेल, तर मूत्राशय चिडकं झालंय, पूर्ण रिकामं होत नाही, किंवा 'असू दे, जाऊन येतो' ही सवय जडलीय. चोवीस तासांत तीन लिटरच्या वर जात असेल, तर प्रोस्टेटला सोडा, आधी साखर तपासा आणि पाण्याची बाटली जरा लांब ठेवा. रात्रीच्या हिशेबात सकाळची पहिली लघवीही धरायची. हा आकडा चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त निघाला, तर मूत्रपिंडंच रात्रपाळी करताहेत. कारण पायांवरची सूज असेल, घोरताना अडणारा श्वास असेल, किंवा झोपण्याआधी रिचवलेला तांब्या.

मग येतो लघवीच्या त्रासाविषयीच्या प्रश्नांचा तक्ता. सात प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच. बेरीज सातपर्यंत आली तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. आठवा प्रश्न वेगळा: उरलेलं आयुष्य लघवीच्या याच तऱ्हेने काढावं लागलं तर कसं वाटेल? वेटिंग रूममध्ये, पेन्सिलीने, इतकं तत्त्वज्ञान!

त्यानंतर युरोफ्लो, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग यंत्रावर मोजणं. निदान दीडशे मिली तरी व्हायला हवी, नाहीतर आलेख फुकट. म्हणून आम्ही बाटल्यांवर बाटल्या ढोसतो, मूत्राशय तट्ट फुगतं आणि फुगलेलं मूत्राशय जोर लावू शकत नाही. त्यात दाराबाहेरून 'झालं का?' अशी हाक. सर्वाधिक वेग सेकंदाला दहा मिलीच्या खाली आला तर नळीत अडथळा असू शकतो किंवा मूत्राशयाचा स्नायू थकलेला असू शकतो. यातलं कोणतं, ते हे यंत्र सांगत नाही.

धार मोकळी करणारी टॅम्सुलोसिन सुरू झाली, तर ०.४ मिलिग्रॅमची ती कॅप्सूल रोज त्याच जेवणानंतर घ्यावी आणि अंथरुणातून एकदम उठू नये, चक्कर येते. वीर्य कमी येतं किंवा येतच नाही. हे आधी ठाऊक नसलं की घरात वेगळाच हाहाकार. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगायचंच. लघवी करून झाल्यावर पँटवर पडणाऱ्या थेंबांवर मात्र औषध नको: वृषणांमागे बोटांनी दाबून पुढे सरकवत आणलं की नळीत अडकलेली लघवी बाहेर येते. दार बंद करून करावं.

आणि सर्दीची गोळी! स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी मूत्राशयाचं तोंड आवळते; आधीच अडलेल्या माणसाची लघवी पार बंद होऊ शकते. तसं झालं तर सकाळची वाट बघू नये, त्याच रात्री हॉस्पिटल गाठावं. थंडी वाजून ताप आला, किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा येऊन पाय लुळे वाटले, तरीही तसंच. लघवीत रक्त दिसलं, मग ते एकदाच का असेना, दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं, ही सबब त्यांना तपासून झाल्यावर सांगावी.