साठ वजा पंचावन्न

बसमध्ये अगदी पुढची खिडकी मिळाली की लोक लॉटरी लागल्यासारखे हसतात. मला घाम फुटतो. मागे बसणाऱ्याला नुसते हादरे कळतात, पुढे बसणाऱ्याला त्यांची कारणंही दिसतात.

परवाचंच घ्या. बार्शीहून लातूरकडे जाणारा दुपदरी रस्ता. पुढे कांद्याच्या गोण्यांनी फुगलेला ट्रक, त्याच्या पाठीवर ‘आई-वडिलांची पुण्याई’. आमचा काटा 60 वर, ट्रकचा असेल 55 वर. ड्रायव्हरसाहेबांनी हॉर्नवर हात ठेवला, तो काढायचा विसरले आणि बस उजवीकडे घेतली.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आगगाड्यांची गणितं होती. एकाच दिशेला जात असतील तर वेगांची वजाबाकी, समोरासमोर येत असतील तर बेरीज. तेव्हा वाटायचं, हे आयुष्यात कुठे लागणार? इथे लागलं. साठातून पंचावन्न गेले, उरले 5. म्हणजे ट्रकच्या हिशेबाने आम्ही सकाळी मैदानावर फेऱ्या मारणाऱ्या काकांच्या चालीने पुढे निघालो होतो! बसची लांबी, ट्रकची लांबी, मागचं-पुढचं अंतर मिळून 40 मीटर तरी काटायचे. त्याला लागतात जवळजवळ 29 सेकंद. तेवढ्यात रस्त्याच्या हिशेबाने बस 480 मीटर जाते, आणि समोरून कोणी 60 नेच येत असेल तर तोही तितकाच अलीकडे येतो. थोडक्यात, किलोमीटरभर रस्ता मोकळा हवा. मला दिसत होतं ते पुढचं वळण, आणि ते इतकं लांब नव्हतं.

बसमध्ये मात्र सगळं शांत. शेजारच्या आजी शेंगा सोलत होत्या. हातातून निसटलेला दाणा मागे न जाता सरळ त्यांच्याच ओटीत पडला. गॅलिलिओने 1632 साली हेच जहाजाच्या बंद खोलीबद्दल लिहून ठेवलंय: जहाज संथ, एका वेगाने चाललं असेल तर आत उडणाऱ्या फुलपाखरांवरून ते चाललंय की उभं आहे हे सांगता येत नाही. आजींनाही सांगता येत नव्हतं. मला येत होतं, कारण माझ्यापुढे काच होती. कंडक्टर तिकिटं फाडत मागे चालला होता. आपण लातूरपासून लांब जातोय अशी त्याची समजूत असेल. रस्त्याच्या दृष्टीने तोही बिचारा 56-57 ने लातूरलाच निघाला होता. बाहेर बाभळी उलट्या पळत होत्या. नावेतल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू अशाच मागे जाताना दिसतात, तसेच तारे पश्चिमेला जाताना दिसतात, हे आर्यभटाने 499 मध्ये सांगितलं. नाव संथ असली की असले विचार सुचत असावेत.

इकडे ट्रकचा ड्रायव्हर माझ्या खिडकीला खिडकी लावून बसलेला. त्याच्या डॅशबोर्डवरचा झेंडू, मनगटावरचा लाल दोरा, गालातला ऐवज, सगळं निवांत बघून झालं. त्याने पिंक टाकायला मान बाहेर काढली, तेव्हा मी खिडकीची काच ओढली. ती अर्थातच अर्ध्यात अडकली. पण पिंकेला हवेने मागे नेलं, आणि तिसऱ्या रांगेतून त्याच्या कुळाचा उद्धार ऐकू आला.

वळणावरून टँकर उगवला. आता बेरीज, 120. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टँकर मागे गेलेला, ट्रकही मागे, आणि ड्रायव्हरसाहेब कान खाजवत होते.

लगेच आजी म्हणाल्या, “ए बाबा, फाट्यावर थांबव रं.”

घंटी वाजली. अर्धा मिनिट गेला आजी आणि त्यांचं गाठोडं उतरायला. तेवढ्यात ट्रक साडेचारशे मीटर पुढे. म्हणजे ताशी 5 ने तो नुसता गाठायलाच साडेपाच मिनिटं. गाठला. हॉर्न. उजवीकडे. पुन्हा तोच झेंडू, तोच लाल दोरा. या खेपेला ट्रकवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मनगटावर बोट आपटून वेळ विचारली. मी घड्याळ खिडकीशी धरलं. त्याने सावकाश वाचलं. वेळ भरपूर होता.