कुळथाचं कढण पाजत बसलो आम्ही

गणपतीला ताईकडे राजापूरला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वर्षांचा भाचा उठला तर डोळे सुजून बारीक झालेले, आणि लघवी एकदम कोऱ्या चहासारखी. घर भरलेलं, त्यामुळे सल्ले लगेच. पाणी कमी पितो म्हणून मुतखडा झाला असणार, कुळथाचं कढण द्या, भरपूर पाणी पाजा. आम्ही पाजलं, आणि संध्याकाळपर्यंत पायही सुजले.

रत्नागिरीला नेलं तर एवढ्याशा पोराचं बीपी वाढलेलं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, महिन्याभरात घसा दुखला होता का, अंगावर पुळ्या आल्या होत्या का? ताई गप्पच झाली. श्रावणात पायावर पिकलेल्या पुळ्या आल्या होत्या, हळद लावून सोडून दिल्या, सुकल्यापण.

डॉक्टर म्हणाले, किडनीला सूज आलीय, त्या पुळ्यांमुळेच. म्हणजे जंतू किडनीत गेलेच नव्हते! स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूशी लढायला शरीर अँटीबॉडीज बनवतं, त्यांचे आणि जंतूच्या अंशांचे गुंते किडनीच्या बारीक गाळण्यांत अडकतात आणि तिथे सूज येते. घशानंतर साधारण 1 ते 3 आठवड्यांनी, कातडीवरच्या पुळ्यांनंतर 3 ते 6 आठवड्यांनी. तोवर जखम कोणाच्या लक्षातही नसते, मग दोन्हीचा संबंध लागणार कसा?

मला राग येतो तो ह्या 'पाणी प्या, किडनी साफ होते' वाल्या सल्ल्याचा. इथे किडनी पाणी आणि मीठ बाहेर टाकूच शकत नव्हती, त्यात आम्ही तांब्यावर तांबे ओतत होतो. असं साठलेलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं, बीपी फार चढलं तर झटके येतात. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं, पापड, लोणचं, सुका बांगडा सगळं बंद.

मोठ्यांचंही असंच दुर्लक्ष, भातलावणीत चिखल्या झालेल्या पायांनी शेतात उतरायचं, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, तोही किडनी सुजवतो. आणि अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणून खायच्या, काहींच्या किडनीला त्यानेही सूज येते. लावणीनंतर ताप आणि पोटऱ्या ठणकत असतील तर गोळी गिळून झोपू नका प्लीज, रक्त तपासा. पोरांच्या पुळ्या, खरूज पण दाखवा, आणि सुकल्यावरही दीड महिना लघवीचा रंग बघत रहा.

भाचा आता खेळतोय, मुलं बहुतेक पूर्ण बरी होतात ह्यातून. लघवीत थोडं रक्त काही महिने दिसू शकतं म्हणून लॅबच्या फेऱ्या चालू आहेत, आणि ताई अजून रोज सकाळी त्याला उजेडात नेऊन पापण्या बघते.